पोपड्याची मागची बाजू

लाकडी सामानावरचे वॉर्निश पोपडे धरून सुटू लागले की घरात पहिला विचार येतो तो नव्या डब्याचा. कोणत्या कंपनीचा घ्यावा, चकचकीत की मॅट, किती लिटर लागेल, पॉलिशवाला रोजची मजुरी काय घेईल, एवढे ठरेपर्यंत सुटलेला पोपडा केरात गेलेला असतो. या पुस्तिकेचे सगळे म्हणणे त्या पोपड्यापासून सुरू होते, म्हणून वाचकाला पहिली विनंती अशी की तो टाकू नये. नखाएवढा तुकडा हलक्या हाताने सोडवावा, उलटा करावा आणि खिडकीपाशी नेऊन नीट पाहावा. मागची बाजू गुळगुळीत, लखलखीत निघाली तर त्या वॉर्निशाने लाकूड कधी धरलेच नव्हते. मध्ये मेण होते, धूळ होती, तेलकट हातांचा राप होता, किंवा जुन्या थराला पॉलिशपेपर न मारताच कोणीतरी वरून नवा हात दिला होता. मागे करडी पूड किंवा लाकडाचे बारीक तंतू चिकटून आलेले दिसले तर गोष्ट नेमकी उलटी आहे. वॉर्निशाने लाकूड घट्ट धरले होते, पण लाकडाचा वरचा पापुद्राच जीर्ण झाला आणि वॉर्निश त्याला बरोबर घेऊन निघाले. तुकडा दुधट, ढगाळ दिसत असेल तर आत ओल अडकली होती. तीन कारणे, तिघांचे उपाय वेगळे, आणि दुकानदार मात्र तिघांनाही एकच डबा देतो. निदान आधी, औषध मग, हा क्रम आपण माणसांच्या बाबतीत पाळतो. लाकडाच्या बाबतीत तो पाळला तर निम्मा खर्च वाचेल आणि पुष्कळ जुने सामान भंगारात जाण्यापासून वाचेल.

पुस्तिकेतली उदाहरणे मुद्दाम एका गावाच्या हवेला धरून आहेत. मुरुड म्हटले की पुष्कळांना जंजिऱ्याजवळचे, रायगड जिल्ह्यातले मुरुड आठवते. हे मुरुड रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. समुद्राला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांत जांभ्या दगडाची कौलारू घरे, आणि गावात दुर्गादेवीचे देऊळ, ज्याचे कोरीव लाकडी खांब पाहायला लोक वाट वाकडी करून येतात. घराघरांत साग आणि फणस: ओटीवरचा झोपाळा, माजघरातले कपाट, देव्हारा, पाट, चौरंग, पलंग. यातले बरेचसे आजोबा-पणजोबांच्या हातचे. घरची माणसे मुंबई-पुण्याला असतात. घर गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात गजबजते, बाकीचे दिवस अनेक घरांना कुलूप. अलीकडे पर्यटकांची ये-जा वाढली, घराघरांत राहण्या-जेवणाची सोय झाली आणि तिच्याबरोबर जुन्या सामानाला चकाकी आणण्याची घाईही आली. शहरातल्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षे शाबूत राहणारे वॉर्निश इथे थोड्याच पावसाळ्यांत का सोडते, हा माझा प्रश्न आहे. आणि उत्तर असे की किनाऱ्यावर कोणताही लेप केव्हा ना केव्हा सुटणार, हे आधीच धरून चालावे आणि सुटल्यावर सहज सांधता येईल असाच लेप निवडावा. सर्वांत जाड आणि सर्वांत कठीण थर म्हणजे सर्वांत टिकाऊ काम, ही समजूत इथल्या हवेत उलटी पडते.

याचा पुरावा लाकडातच आहे. झाड तोडले, फळी काढली, तिचे कपाट झाले, तरी लाकूड हवेतली ओल घेणे आणि सोडणे थांबवत नाही. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 12 टक्के पाणी मुरलेले राहते. हवा 85 टक्क्यांवर गेली की हेच पाणी 18 टक्क्यांच्या आसपास जाते. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात बंद घरात आर्द्रता 85 च्या वरच असते. आता सागाचा हिशेब पाहू. पूर्ण ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने 5.8 टक्के आणि त्यांना काटकोनात 2.5 टक्के आक्रसते. हे लाकूडशास्त्राच्या कोष्टकांतले आकडे आहेत आणि लाकडांच्या जगात ते फार कमी समजले जातात. सागाला मान मिळाला त्याचे हे एक कारण. तरीही 30 सेंटिमीटर रुंदीची फळी 12 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर गेली तर कापाच्या दिशेप्रमाणे दीड ते साडेतीन मिलिमीटर रुंदावते आणि कोरड्या दिवसांत तितकीच परत येते. लांबीत मात्र जवळपास काहीच फरक पडत नाही. वॉर्निशाचे तीन हात मिळून जाडी होते जेमतेम एक दशांश मिलिमीटर. एवढ्याशा पापुद्र्याने दरवर्षी तीन मिलिमीटर ताणले जावे, पुन्हा दबावे आणि तरी लाकूड सोडू नये, अशी आपली अपेक्षा असते. जिथे दोन फळ्यांचे सांधे येतात, एक आडवी आणि एक उभी, तिथे एक फळी सरकते आणि दुसरी जागेवर राहते. पहिली चीर नेहमी तिथेच दिसते. कपाटाच्या दाराचे चारही कोपरे पाहिले तर पडताळा येईल.

समुद्राकाठी याच्यात मिठाची भर पडते. खारा वारा घरात शिरतो आणि लाकडावर मिठाचे इतके सूक्ष्म कण ठेवून जातो की ते दिसत नाहीत, बोटाला चिकटही लागत नाही. पण हवेची आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. असे मीठ पुसून न काढता त्यावर वॉर्निश चढवले तर आपण ओल ओढणारी वस्तू स्वतःच्या हाताने थराखाली गाडतो. पुढच्या पावसाळ्यात तिथे बारीक फोड येतात आणि फोडांचे पोपडे होतात. उपाय साधा आहे, तरी तो फार थोडे लोक करतात: खरवडण्याच्या आधी गोड्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने सामान दोनदा पुसावे आणि नीट वाळू द्यावे. आधी पॉलिशपेपर मारला तर मीठ रंध्रांत आणखी खोल जाते. दुसरी वाट जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पावसाळाभर भिंत पाणी पिऊन असते, आणि कपाट तिलाच टेकून उभे. कपाटाला पुढून तीन हात आणि मागून एकही नाही, ही तर सार्वत्रिक पद्धत. ओल मागच्या उघड्या फळीतून शिरते, पुढच्या बाजूने बाहेर पडू पाहते आणि वाटेत आलेला चकचकीत थर ढकलून देते. पायांचे तळवे तर कोणी उलटे करून पाहतच नाही. लाकडाचा आडवा कापलेला छेद बाजूंपेक्षा कितीतरी झपाट्याने पाणी ओढतो, आणि पलंगाचा नाही तर टेबलाचा पाय नेमक्या त्याच छेदावर ओल्या फरशीत उभा असतो. पायाजवळ वीतभर उंचीपर्यंत वॉर्निश गेले आहे आणि वर शाबूत आहे, असे दिसले की वॉर्निशाला बोल लावण्याआधी पाय उलटा करावा. भिंतीपासून चार बोटे अंतर, मागच्या बाजूला आणि तळव्यांना निदान एक हात, एवढ्यावर मी जितका भर देतो तितका डब्याच्या निवडीवर देत नाही.

ओटीवरच्या आणि पडवीतल्या सामानाची तऱ्हा वेगळी. तिथे शत्रू ऊन. पारदर्शक वॉर्निश उजेड अडवत नाही, आरपार जाऊ देते. उन्हातले अतिनील किरण थर ओलांडून लाकडापर्यंत पोचतात आणि लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य फोडतात. वरून वॉर्निश धडधाकट दिसते, खाली पापुद्रा मोकळा होत जातो, आणि मग एका पावसाळ्यात हाताएवढे पोपडे एकदम सुटतात. पोपड्याच्या मागे करडी पूड दिसते ती ही. अशा जागी नवे वॉर्निश लावण्यापूर्वी तो मेलेला पापुद्रा पूर्ण काढून खालचे ताजे, रंग धरलेले लाकूड लागेपर्यंत जावेच लागते. तिथे काटकसर करून भागत नाही. झोपाळा पश्चिमेच्या उन्हात टांगलेला असेल तर वॉर्निशापेक्षा दुपारनंतर खाली सोडता येणारा चटईचा पडदा अधिक काम करतो.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वेळेचा. कोकणात घराची डागडुजी, रंगरंगोटी, पॉलिश, सगळे गणपतीच्या तोंडावर निघते. भावना समजण्यासारखी आहे. वर्षातून एकदा सगळे घर एकत्र येणार, आरतीला वाडीतली माणसे येणार, तेव्हा मखराशेजारचे कपाट पोपडे धरलेले कसे चालेल? पण श्रावण हा वॉर्निशासाठी वर्षातला सर्वांत वाईट महिना आहे. लाकूड तेव्हा पाण्याने भरलेले आणि फुगलेले असते. त्या फुगलेल्या अवस्थेवर आपण थर चढवतो. पुढे ऑक्टोबरची उन्हे लागली की लाकूड आक्रसते, आत कोंडलेली वाफ बाहेर यायला धडपडते, आणि होळीच्या सुमारास पहिले फोड दिसतात. मग मालक म्हणतो माल खराब होता, पॉलिशवाला म्हणतो लाकूड खराब होते. दोघांनीही ऋतू मोजलेला नसतो. लाखेच्या पॉलिशात तर फळ त्याच दिवशी दिसते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि थर पांढरा पडतो. कारागीर याला पॉलिश फुटले म्हणतात. यावर ‘पण माणसे तेव्हाच घरी असतात, दुसरा वेळ कुठला आणायचा’ असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. पण कोकणी माणूस वर्षातून एकदाच गावी येतो असे कुठे आहे? शिमग्याला पालखी घरी येते तेव्हाही घरे उघडतातच. दिवाळी ते शिमगा हे चार महिने इथल्या हवेत लाकूड सर्वांत कोरडे असते, ऊन सौम्य असते, पॉलिशवाल्यालाही गणपतीआधीची झुंबड नसते. काम या दिवसांत झाले तर साधे, स्वस्त वॉर्निशही श्रावणात मारलेल्या महागड्या डब्यापेक्षा जास्त टिकेल. मे महिना दुसऱ्या पसंतीचा. त्या महिन्यात हवेतली आर्द्रता वाढू लागलेली असते, तरी भाद्रपदापेक्षा तो बराच बरा.

यावरून लेपाच्या निवडीकडे येऊ. सामानावर आधी काय आहे हे कळल्याशिवाय निवड करता येत नाही, आणि ते कळायला दोन बोळे पुरतात. न दिसणाऱ्या जागी, खणाच्या आत किंवा फळीच्या खाली, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरावा. थर चिकट झाला, बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने थर मऊ पडला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना दाद न देणारे म्हणजे तेलाचे जुने वॉर्निश, मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). मुरुडसारख्या गावातल्या जुन्या सामानाला लाखेचे पॉलिश असण्याचा संभव मोठा, कारण विसाव्या शतकात बराच काळ चांगल्या सामानाचे पॉलिश म्हणजे चपडी, अर्थात शुद्ध केलेली लाख, आणि स्पिरिट हेच समीकरण होते. लाख ही आपल्याकडची वस्तू आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर राहणारा एक बारीक किडा ती स्रवतो. पांडवांसाठी वारणावतात बांधलेल्या लाक्षागृहामुळे मराठी घरात लाखेचे नाव लहानपणीच कानावर पडते. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी कामातही लाखेचा वापर परंपरेने होत आला. रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनाची संस्था 1924 साली निघाली, त्या वेळी जगाला लाख पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान होता. बालगंधर्वांची पदे ज्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर घरोघरी पोचली त्या तबकड्याही लाखेच्याच. ही सगळी थोरवी सांगण्याचे कारण अभिमान एवढेच नाही. लाखेत एक गुण असा आहे की त्यापुढे तिचे बाकीचे दोष मला क्षम्य वाटतात: नवा हात दिला की त्यातले स्पिरिट खालचा जुना थर थोडा विरघळवते आणि दोन्ही थर मिळून एकच होतात. पीयूचा थर एकदा पक्का झाला की पुन्हा विरघळत नाही. त्यावरचा प्रत्येक नवा हात वेगळा पापुद्रा म्हणून बसतो आणि वेगळा सुटू शकतो. म्हणून लाखेचे पॉलिश जिथे गेले तिथेच तळहाताएवढी दुरुस्ती करता येते. पीयूचे गेले की बहुधा अख्खी फळी खरवडावी लागते.

लाखेवरचे आक्षेप मी टाळणार नाही. ओला पेला ठेवला की पांढरे वलय उमटते, गरम पातेले ठेवले की डाग बसतो, दारू सांडली तर थर निघतो. जेवणाच्या टेबलाला, पर्यटकांच्या खोलीतल्या बाजूच्या मेजाला लाख लावू नये हे मला मान्य आहे. तिथे पीयूच योग्य, पण तोही सहाही बाजूंनी, खालून आणि मागून सुद्धा, आणि कोरड्या ऋतूत. ‘पीयू पाणी आत जाऊ देत नाही, मग लाकूड फुगेलच कसे’ असे दुकानात सांगतात. द्रव पाणी तो बराच अडवतो, वाफ मात्र सावकाश का होईना जाऊ देतो. चार महिन्यांचा पावसाळा त्याला पुरून उरतो. पुण्यातल्या कोरड्या हवेत, चोवीस तास वापरातल्या घरात, हा फरक जाणवत नाही. कुलूपबंद घरात जाणवतो. देव्हारा, कपाट, पलंगाची माथ्याची फळी, खुर्चीची पाठ, चौकटीतले आरसे या सगळ्यांवर पेला ठेवायचा प्रश्नच येत नाही, आणि घरातले बहुतेक सामान याच जातीचे असते. चपडी घरी भिजवायची असेल तर लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडी रात्रभर ठेवून गाळून घ्यावी आणि लागेल तेवढीच करावी. सहा-आठ महिने बाटलीत राहिलेले पॉलिश लावल्यावर नीट वाळत नाही, चिकट राहते, आणि पॉलिश बिघडल्याच्या किती तक्रारी केवळ या शिळ्या बाटलीमुळे होतात याला गणती नाही.

तेलाच्या लेपाबद्दल कोकणात दोन टोकाची मते आढळतात. एका मताप्रमाणे अळशीचे तेल म्हणजे सगळ्यावर रामबाण. दुसऱ्याप्रमाणे तेल लावले की बुरशी आलीच. दोन्हींत तथ्य आहे. कच्चे तेल जाड हाताने लावून सोडले तर ते महिनोन्महिने ओले राहते आणि बुरशीला खाद्य होते. वाळणारे तेल अगदी पातळ लावून, पाव तासाने कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घेतले, दोन हातांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ दिले, तर ते रंध्रांत मुरते आणि त्याचा पापुद्रा असा होतच नाही. जिथे पापुद्रा नाही तिथे पोपडा धरणार कशाला? झोपाळ्याच्या कड्यांजवळची फळी, पाट, ओटीवरचे बाक यांना मी हेच सुचवतो. एक सूचना मात्र जीवावरची आहे. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि गरम होते. घड्या पडलेल्या चिंध्यांत ती उष्णता कोंडून त्या आपोआप पेट घेऊ शकतात. फडकी पसरून बाहेर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग फेकावीत. काजूच्या टरफलाचे तेल वाशांना, तुळयांना, वाळवीच्या भयापोटी लावतात ते आपल्या जागी ठीक आहे, पण ते काळे असते आणि कातडीवर फोड आणते, तेव्हा बसायच्या-झोपायच्या सामानाला ते लावू नये. तेलाला दरवर्षी हात लावावा लागतो, ही तक्रार जे करतात त्यांना मी शेजारच्या हर्णै बंदराकडे बोट दाखवतो. लाकडी होड्या जून-जुलैच्या मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवायच्या आणि समुद्रात लोटण्याआधी त्यांना पुन्हा तेल-रंग द्यायचा, ही कोळ्यांची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. एकदा काय ते लावून टाकू आणि विसरून जाऊ, असा विचार खाऱ्या पाण्यावर पोट असलेल्या माणसाने कधी केला नाही.

राहिला सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न: जिथे गेले तेवढेच काढून वरून एक हात मारला तर काय बिघडते? काही वेळा काहीच बिघडत नाही. उरलेला थर लाकडाला घट्ट आहे की नाही, यावर ते ठरते. ब्लेडने बोटभर जागेत आडव्या-उभ्या बारीक रेघांची जाळी कापावी, त्यावर चिकटपट्टी दाबावी आणि झटक्याने उपटावी. चौकोन जागेवर राहिले तर जुना थर ठेवावा, पोपड्याच्या कडा 180 आणि मग 220 नंबरच्या पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने इतक्या उतरत्या कराव्यात की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये, उरलेल्या थरालाही हलका पेपर मारावा, आणि मगच नवा हात द्यावा. चौकोन पट्टीबरोबर निघून आले तर वरून मारलेला हात हा फुकट गेलेला पैसा. नवा थर वाळताना आक्रसतो आणि खालच्या सैल थराला आणखी उचलतो. जुना थर कोणत्या जातीचा हे ओळखू आले नाही, तर मेण काढलेल्या चपडीचा एक पातळ हात मध्ये द्यावा. ती बहुतेक सगळ्यांना धरते आणि तिच्यावर बहुतेक सगळे धरते. सागाच्या अंगचे तेल वॉर्निश वाळू देत नाही, म्हणून उघड्या सागावर पहिल्या हाताच्या अगदी आधी थिनरने पुसून घ्यावे. फणसाची अडचण निराळी. त्याचे लाकूड मूळचे पिवळे आणि उजेडाने वर्षानुवर्षे तपकिरी होत गेलेले. एका ठिकाणी खरवडले की पिवळा डाग उघडा पडतो. तिथे रंग जुळवण्याची धडपड करण्यापेक्षा सहा महिने उजेडात राहू द्यावे, तो आपणहून गडद होत जातो. जुना थर काढायला मिळणारी रसायने बंद खोलीत वापरू नयेत. मिथिलीन क्लोराईड असलेले रंगकाढू द्रव अमेरिकेत 2019 पासून घरगुती ग्राहकाला विकता येत नाहीत, कारण त्यांच्या वाफेने बंद जागेत काम करणारी माणसे दगावली. जुन्या रंगीत तैलरंगावर कोरडा पेपर मारतानाही जपावे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात 90 भागांची मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात किती शिसे आहे हे डोळ्यांना कळत नाही. पाणी लावून घासावे, तोंडाला मास्क बांधावा, लहान मुले आणि गरोदर बायका त्या दिवशी दुसरीकडे असाव्यात.

या सगळ्याच्या उलट बाजूने येणारा आक्षेप मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. जुन्या लाकडावर जमलेला काळसर झळाळ हाच त्याचा मोलाचा भाग, तो खरवडून सामान नवे करण्यात आपण गमावतो जास्त, असे काही जण म्हणतात. कोरीव कामाच्या बाबतीत ते शब्दशः बरोबर आहेत. दुर्गादेवीच्या देवळातल्या खांबांसारखे काम पेपरच्या यंत्राखाली एकदा गेले तर कारागिराच्या पटाशीची धार, पानांच्या शिरा, सगळे बोथट होते, आणि ते परत आणता येत नाही. अशा जागी मऊ ब्रशने धूळ काढणे, किंचित ओलसर फडके, फार तर मेणाचा पातळ हात, याच्या पलीकडे घरगुती माणसाने जाऊ नये. पुढचे काम जतनशास्त्र शिकलेल्या माणसाचे. पण हा नियम सपाट फळीच्या कपाटाला, गेल्या तीस वर्षांत मारलेल्या वॉर्निशाला लावणे ओढूनताणून होईल. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोलीच्या किनाऱ्यावरच्या गावांत घरांची कौले-पत्रे उडाले, आतले सामान दिवसचे दिवस भिजत पडले. त्या सामानावरचा झळाळ वाचवण्याचा प्रश्न तेव्हा उरलाच नव्हता; प्रश्न ते सावकाश, सावलीत, वारा लागेल असे सुकवण्याचा होता. भर उन्हात टाकलेल्या फळ्या फाटतात. भिजलेल्या लाकडाला पूर्ण कोरडा ऋतू मिळाल्याशिवाय कोणताही थर देऊ नये, हा धडा वादळाशिवायही पाळण्यासारखा आहे, कारण गळक्या कौलाखालचे कपाट दर पावसाळ्यात तेच भोगत असते.

पुढच्या प्रकरणांत एकेका जातीचे सामान घेऊन कृती दिली आहे. ती वाचताना घाई करू नये. आणि एक मागणे. यंदा गणपतीला सामान आहे तसे राहू द्या, फक्त पुसून घ्या. पॉलिशवाल्याला दिवाळीनंतरची तारीख आत्ताच सांगून ठेवा. काम झाले की कपाटाच्या मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहा: कोणता लेप, किती हात, कोणत्या महिन्यात, कोणत्या साली. तुमच्यानंतर ते कपाट ज्याच्या हाती जाईल त्याला नेमकी हीच माहिती लागेल, आणि ती सांगणारे घरात दुसरे कोणी नसेल.